निळूभाऊंची पाव तासाची भेट

नटाच्या भेटीची आठवण सांगावयास बसलेल्या माणसाचा चेहरा एकदां निरखून पाहावा. एरवीं मितभाषी असलेला गृहस्थ अशा वेळीं खुलतो, पाट पुढें ओढतो, आवाज किंचित् खालीं आणतो आणि "आम्ही अगदीं एवढ्या अंतरावर उभे होतों" असें म्हणून दोन्ही हातांनीं तें अंतर दाखवितो. दर खेपेस तें अंतर थोडें थोडें कमी होत जातें, हें घरच्या मंडळींच्या ध्यानांत येतें. पण त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं. ज्या आनंदास खर्च नाहीं व ज्यानें कोणाचें नुकसान नाहीं, त्याचा हिशेब काटेकोरपणें कशाला मागावयाचा?

नट आणि प्रेक्षक यांचें नातेंच मोठें विलक्षण आहे. नट आपणांस ओळखीत नसतो. आपण मात्र त्याला घरच्या माणसासारखे ओळखतों अशी आपली समजूत असते. बालगंधर्वांच्या लुगड्याची आणि केशरचनेची धाटणी आमच्या आज्यांनीं उचलली, ती या समजुतीपोटींच. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ सालीं पडद्यावर आला आणि विष्णुपंत पागनीस लोकांच्या मनांत साक्षात् तुकोबाच होऊन बसले. माणसें त्यांच्या पायां पडूं लागलीं. अशा माणसांना आपण भोळीं म्हणतों. परंतु ज्या नटानें आयुष्यभर दुष्टाचें सोंग वठविलें, त्याला पाहून तोंड फिरविणारे आपण त्या भोळ्यांहून शहाणे ठरतों काय? हा प्रश्न आमच्या घरांत चाळीस वर्षें एका फोटोच्या रूपानें भिंतीवर टांगलेला होता. त्याचा उलगडा महाडच्या महापुरानंतर झाला, म्हणून ही हकीकत.

आमचें घर महाडास, बाजारपेठेच्या अंगाला. तळमजल्यावरच्या माजघरांत वडीलधाऱ्यांच्या तसबिरींच्या रांगेंत तो फोटो असे. १९८० च्या सुमारास आमचे काका पोलादपुरास शाळामास्तर होते. महाडापासून पांच-सहा कोसांवर, मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेलाच, त्यांचें बिऱ्हाड होतें. ज्यांनीं पोलादपूर पाहिलें आहे त्यांना तें ठिकाण समजावून सांगावयास नको. एक वाट आंबेनळीच्या घाटानें प्रतापगडाला वळसा घालून महाबळेश्वरास चढते, दुसरी कशेडीच्या घाटानें खेडाकडे उतरते. आणि मुंबईहून दक्षिण कोंकणांत जाणाऱ्या गाड्या घाट चढण्यापूर्वीं येथें घटकाभर दम खातात. असाच एक दिवस एका मोटारीच्या चाकांतील हवा गेली. चालक चाक घेऊन दुरुस्तीस गेला आणि आंतील एक गृहस्थ रस्ता ओलांडून काकांच्या ओटीशीं येऊन पाणी मागूं लागले. काकांनीं वर पाहिलें, तों निळू फुले!

सुटीनिमित्त आम्ही चुलतभावंडें तेथेंच होतों. शेजारच्या एका हौशी माणसापाशीं कॅमेरा होता. तो धांवत गेला आणि घेऊन आला. बांकावर मध्यें निळूभाऊ, शेजारीं काका, पुढें आम्ही चार पोरें ओळीनें उभीं, मागें ओटीचा लाकडी खांब, असा तो फोटो. घरीं येणारा-जाणारा त्याच्यापुढें थबके, आणि मग जो कोणी हजर असेल तो त्यास साद्यंत हकीकत सांगे. त्या हकीकतीच्या शेवटीं एक वाक्य ठरलेलें असे : "आमची काकू मात्र बाहेर आली नाहीं हो! सिनेमांतल्या पाटलाला घाबरली." मग ऐकणारा हंसे, आम्ही हंसूं, आणि स्वयंपाकघराच्या दाराशीं उभी असलेली काकूही हंसे.

२२ जुलै २०२१ रोजीं सावित्री आणि गांधारी एकदमच गांवांत शिरल्या. तळमजला पाण्याखालीं गेला. माणसें माडीवर होतीं म्हणून वांचलीं. पाणी ओसरल्यावर खालीं उतरून पाहिलें तों भिंतीवर एकहि तसबीर नव्हती, आणि गुडघाभर चिखलांत जें हातीं लागलें तें ओळखूं येण्याजोगें नव्हतें. त्याच दिवशीं आमच्याच तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली आणि ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांतहि दरडींनीं बळी घेतले. त्या दुःखापुढें एका फोटोचें दुःख बोलून दाखविण्याची लाज वाटते. म्हणूनच असेल, पण आम्ही तें दिवसां बोललों नाहीं. रात्रीं माडीवर मेणबत्तीच्या उजेडांत, अंगाला चिखलाचा वास येत असतां, कोणीतरी म्हणालें, "तो निळूभाऊंचा फोटोहि गेला." आणि मग, फोटो नाहीं म्हणून, प्रत्येकजण तो आठवूं लागला.

येथें एक चमत्कार झाला. जोंवर फोटो भिंतीवर होता तोंवर आमच्या सर्वांची आठवण एक होती. फोटो गेला आणि आठवणी चार झाल्या! दादा म्हणाला, निळूभाऊंनीं अंगणांतल्या सोनचाफ्याची चौकशी केली आणि त्याला खत कोणतें घालतां असें काकांना विचारलें. ताई म्हणाली, छे, चाफा तेव्हां होताच कुठें? त्यांनीं आम्हां मुलांना अभ्यासाविषयीं विचारलें. धाकट्याच्या मतें ते कांहींच बोलले नाहींत. नुसते बसून रस्त्याकडे पाहत होते. दिवस गणपतीचे होते कीं शिमग्याचे, यावरहि एकमत होईना. आम्हांस स्वतःला आठवतो तो केवळ त्यांचा आवाज. पडद्यावरचा तो घोगरा, दरडावणारा सूर ऐकण्याच्या तयारीनें आम्ही खांबाआड उभे होतों, आणि कानीं पडला तो एखाद्या शेजारच्या आजोबांचा वाटावा असा मऊ स्वर. आपली फसवणूक झाली असें तेव्हां वाटल्याचें आम्हांस पक्कें स्मरतें.

दादाच्या सोनचाफ्याविषयीं मात्र आम्हांस शंका आहे, आणि ती येथें नमूद केली पाहिजे. १३ जुलै २००९ रोजीं पुण्यास निळूभाऊंचें निधन झालें. तेव्हां वर्तमानपत्रांतून त्यांचें चरित्र घरोघर वाचलें गेलें. तरुणपणीं ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयांत माळीकाम करीत, तुटपुंज्या पगारांतून राष्ट्र सेवा दलासाठीं ठराविक रक्कम बाजूला काढीत, ही गोष्ट आम्हां सर्वांना त्या वेळीं नव्यानें कळली. त्यापूर्वीं दादाच्या हकीकतींत सोनचाफा होता असें कोणालाच आठवत नाहीं! दादा खोटें बोलतो असें नव्हे. आवडत्या माणसाविषयीं पुढें जें कळतें तें मन मागें नेऊन आठवणींत रुजवितें, आणि कांहीं वर्षांनीं त्याला फुलें येतात.

हे निळू फुले कोण, हें आमच्या वयाच्या वाचकांना सांगावें लागणार नाहीं; तथापि घरांतील लहान मंडळींसाठीं चार ओळी लिहितों. नीळकंठ कृष्णाजी फुले हें त्यांचें पूर्ण नांव, जन्म १९३० चा. सेवा दलाच्या कलापथकांतून ते पुढें आले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानें त्यांचें नांव झालें, आणि १९६८ सालच्या 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटांतील झेलेअण्णांनीं तें महाराष्ट्रभर पोंचविलें. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' या १९७२ सालीं वादळ उठविणाऱ्या नाटकांतील सखाराम त्यांनींच प्रथम उभा केला. १९७५ च्या 'सामना' चित्रपटांत साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील ते झाले आणि त्यांच्यासमोर डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर उभा राहिला. हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गेला. १९७७ चा 'जैत रे जैत' तर आमच्याच जिल्ह्याच्या, त्या वेळच्या कुलाब्याच्या, डोंगरांतील ठाकरांची कथा. त्यांतला भगत त्यांचाच. १९७९ च्या 'सिंहासन'मध्यें मात्र ते पाटील नव्हते; दिगू टिपणीस नांवाचा, सारें पाहणारा आणि आंतल्या आंत जळणारा पत्रकार होते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९१ सालीं मिळाला.

परंतु प्रेक्षकांच्या मनांत बसला तो पाटील. धोतराचा सोगा सांवरीत, मान तिरकी करून, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून परस्त्रीकडे पाहणारा तो माणूस इतका खरा होता कीं, खेड्यापाड्यांतल्या बायका निळूभाऊ प्रत्यक्ष दिसले कीं पदर सांवरून आडोशाला होत, कोणी तोंडावर शिव्याहि देत. आपल्या कामाची ही पावतीच आहे, असें ते मानीत. आणि हा माणूस घरीं ग्रंथांत रमणारा, अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळींत उभा राहणारा होता. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देण्यासाठीं सामाजिक कृतज्ञता निधि उभारावयाचा ठरला, तेव्हां डॉ. लागू, तनुजा आदि कलावंतांबरोबर अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करीत फिरणाऱ्यांत ते होते. सोंग आणि माणूस यांच्यामध्यें एवढें अंतर क्वचितच असेल.

आमच्या कोंकणांत ऊस नाहीं, साखर कारखाना नाहीं, घाटावरचा पाटीलहि नाहीं. आमच्याकडे खोत. आमच्या घराकडेहि पणजोबांपासून खोती होती. १९४९ च्या कायद्यानें ती गेली. आमचे आजोबा पुढें पुष्कळ वर्षें होते. जमिनी गेल्या, पण ओटीवरून हांक मारण्याची त्यांची पद्धत गेली नाहीं. हा तपशील येथें कशासाठीं, हें पुढें कळेल.

माडीवर आमची वादावादी रंगांत आली असतां काकू भिंतीला टेकून बसली होती. वय ऐंशीच्या घरांत, काका जाऊन बरींच वर्षें झालेलीं. पुराच्या रात्रीं तिनें एक शब्दहि काढला नव्हता. ती मध्येंच म्हणाली, "तुम्ही सगळे सांगतां तें असेल खरें. मला कधीं कोणी विचारलें नाहीं, कारण मी बाहेर आलेंच नव्हतें. आणि मीहि 'पाटलाची भीति वाटली' असें सांगून मोकळी झालें. पण तें खरें नव्हे."

आम्ही गप्प झालों.

"मामंजींच्या वेळेपासून आपल्या घरांत बाहेरच्या माणसासाठीं एक काचेचा पेला निराळा असे," ती सांगूं लागली. "कोनाड्यांत उपडा घातलेला. पोलादपुरास बिऱ्हाड केलें तेव्हां सासूबाईंनीं भांड्यांच्या गाठोड्यांत तोहि बांधून दिला होता. त्या दिवशीं हे आंत आले नि म्हणाले, 'दोघांना पाणी दे, पाहुणे आले आहेत.' मीं विचारलें नाहीं, यांनीं सांगितलें नाहीं. माझा हात आपला आपण कोनाड्याकडे गेला. यांना फुलपात्रांत पाणी दिलें, आणि त्यांना त्या पेल्यांत. बाहेर पाठवलें, नि मग दाराच्या फटींतून पाहिलें तों निळू फुले! माझ्या पायांतलें बळच गेलें. आतां बाहेर जाऊन पेला बदलूं कशी? आणि न बदलतां समोर जाऊं कशी? म्हणून गेलें नाहीं. तेवढ्यांत शेजारच्यांनीं फोटो काढला. त्यांत यांच्या हातांत फुलपात्र होतें आणि त्यांच्या हातांत तो पेला. दोन्ही स्पष्ट दिसत. चाळीस वर्षें तुम्ही त्यांचा चेहरा पाहत होतां. मी तो पेला पाहत होतें."

"पण काकू, तो माणूस कोण हें कळल्यावर तुला एवढें वाटलें," ताई हळूच म्हणाली. "दुसरा कोणी असता तर?"

"तेंच तर," काकू म्हणाली. "दुसऱ्या कितीजणांना मीं त्यांतून पाणी दिलें, त्याची मला आठवणसुद्धां नाहीं. हे नांवाजलेले, म्हणून आठवले."

यावर बोलण्यासारखें कोणापाशीं कांहीं नव्हतें. आमच्या माडीच्या खिडकींतून चवदार तळ्याची दिशा दिसते. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या हजारों अनुयायांसह त्या तळ्याचें पाणी ओंजळीनें घेतलें. त्या हक्काचा निकाल उच्च न्यायालयांतून लागावयास १९३७ साल उजाडलें. काका हा धडा वर्गांत फार मनापासून शिकवीत. ते पुढारलेल्या मतांचे होते. घरांत सुधारकांचीं पुस्तकें होतीं, आम्हां मुलांस त्यांनीं जात विचारण्याची बंदी केली होती. आणि त्यांच्याच बिऱ्हाडांत, त्यांच्याच कोनाड्यांत, तो पेला उपडा घातलेला होता! त्यांनीं तो पाहिला नसेल असें नव्हे. रोज दिसणारी वस्तु डोळ्यांना दिसेनाशी होते, एवढेंच. पडद्यावरचा पाटील आम्हांला लांबून ओळखूं आला. आमच्या ओटीवरचा पाटील, आजोबा गेल्यानंतरहि कोनाड्यांत राहत होता, तो आम्हांला कधीं दिसलाच नाहीं.

"त्यांना कळलें असेल का ग?" धाकट्यानें विचारलें.

काकू पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पाणी प्यायले. पेला खालीं ठेवला. जातांना आंतल्या दाराकडे पाहून हात जोडले. बाई आंत आहे हें त्यांना ठाऊक होतें. त्यांना वाटलें असेल, मी त्यांना घाबरून आंत बसलें आहें. तसेंच वाटलें असावें, अशी मी देवाजवळ प्रार्थना करतें."

आम्हीं त्या रात्रीं पुष्कळ विचार केला. चार आठवणींपैकीं खरी कोणती? सोनचाफा, अभ्यास, नुसतें रस्त्याकडे पाहणें, मऊ आवाज. या साऱ्यांत सांगणारा थोर माणसाच्या थोडा जवळ जाऊन बसतो. आमची आवाजाची आठवणहि याला अपवाद नाहीं. काकूच्या आठवणींत मात्र ती दाराआडच उभी आहे. स्वतःला उणें करणारी गोष्ट कोणी चाळीस वर्षें मनांत जपून नंतर रचीत नाहीं. म्हणून इतर तिन्हींहून आणि आमच्याहून आम्ही काकूची आठवण खरी मानतों. नटाच्या भेटीची हकीकत ऐकतांना वाचकांनींहि हा कस लावून पाहावा. 'ते मला काय म्हणाले' यापेक्षां 'मी त्यांच्याशीं कशी वागलें' हें ज्या हकीकतींत येतें, ती बहुधा खरी असते.

काकूच्या भीतीचा आम्ही इतकीं वर्षें विनोद केला, त्यांत आमचा एक सोयीस्कर समज होता : घरांतली जुन्या वळणाची बाई सोंगाला माणूस समजली, आणि आम्ही शिकलेले मात्र भेद ओळखून होतों. आतां वाटतें, सोंग ओळखण्यांत काकू कधींच चुकली नव्हती. चूक होती ती समोरच्या माणसाला भांडें देतांना, आणि त्या चुकींत आम्ही सगळे तिच्याबरोबर होतों. ती तिला एकटीलाच कळली.

पेल्याचें पुढें काय झालें, हेंहि आम्हीं विचारलें. काकूनें तो त्याच संध्याकाळीं घांसून फुलपात्रांच्या रांगेंत ठेवला होता. पुढें ज्याच्या हातीं येई तो त्यांतून पाणी पिई. एकदां आम्हीं मुलांनींच तो फोडला. सासूबाईंनीं विचारलें तेव्हां "फुटला" एवढेंच तिनें सांगितलें. नवा आणला नाहीं.

पुरानंतरच्या आठवड्यांत महाडास महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून तरुण मुलें आलीं. हातांत फावडीं, पायांत गुडघ्यापर्यंत बूट. कोणाच्याहि घरांत शिरून चिखल उपसावा, पुढच्या घराला लागावें, असा त्यांचा क्रम होता. आमच्या माजघरांतून त्यांनीं दोन दिवस चिखल काढला. त्यांचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत. गांवेंहि सगळ्यांचीं विचारतां आलीं नाहींत. तिसऱ्या प्रहरीं तीं ओटीवर टेकलीं तेव्हां सूनबाई पाणी घेऊन निघाली होती. काकूनें तिच्या हातांतून तबक घेतलें. जिन्याला चिखल होता, कठड्याला धरून एकेक पायरी ती उतरली, आणि ओटीवर जाऊन प्रत्येकाच्या हातांत स्वतः फुलपात्र दिलें. तीं पाणी पिऊन होईपर्यंत ती तेथेंच उभी होती.